थोडं उणं ठेव

मास्तर निघून गेले आणि मग सयाजीच्या लक्षात आलं, की आपण त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. ज्या माणसाचं तोंड गेले दोन महिने आपण मातीत चिवडतो आहोत तो माणूस आपल्या पायांनी कारखान्यात आला, उभ्याउभ्या बोलला, उभ्याउभ्या गेला, आणि आपण हातात ओलं फडकं धरून ठोंब्यासारखे उभे. कोपऱ्यात स्टूल होतं. स्टुलावर शाडूची टोपली होती, ती काढायला कितीसा वेळ लागला असता? पण त्या वेळी सुचलं नाही. जाताना मास्तरांचा उजवा हात सवयीनं दाराच्या चौकटीकडे गेला. त्यांच्या घरी तिथं बोटभर लांबीची एक नळी तिरकी ठोकलेली होती, आत देवाचं वचन लिहिलेला चामड्याचा तुकडा. आत-बाहेर करताना मास्तर तिला बोटं लावत आणि बोटं ओठांना लावत. सयाजीच्या चौकटीला गंगावेशीतल्या कुठल्याही कुंभाराच्या चौकटीला असतात तशी हळदीकुंकवाची बोटं होती, दुसरं काही नव्हतं. हात तिथं घटकाभर घुटमळला, मग मास्तरांनी तो कोटाच्या खिशात घातला आणि गल्लीच्या उन्हात उतरले.

बोलले ते तसं थोडंच. फडक्याखालचं डोकं आधी त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बराच बरा दिसतोय की हा." मग म्हणाले, "बाळासोच्या पोटात काही राहत नाही. परवा एस्टी स्टँडवर भेटला. 'मास्तर, तुमच्यासाठी एक गंमत हाय' म्हणता म्हणता सगळंच ओकून मोकळा झाला." सयाजी हसला. मास्तर हसले नाहीत. "सयाजी, आमच्यात माणसाचं असं पुरं तोंड घडवत नाहीत रे."

"मग मोडू व्हय?" सयाजीच्या तोंडून निसटलं.

"नको, नको. पोरांनी हौसेनं केलंय. मी आता नको म्हटलं तर बाळासोचं तोंड चारचौघांत एवढंसं होईल. कुणाचा चेहरा असा चारचौघांत उतरवणं आमच्यात रक्त सांडण्याइतकं वाईट मानतात. त्याला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. फक्त पुरं करू नको. कुठंतरी थोडं उणं ठेव, म्हणजे चालतं. नाक म्हण, कान म्हण. काय, ते तू ठरव."

मास्तरांची ही 'पोरं' म्हणजे त्यांचे जुने विद्यार्थी, पन्नाशी उलटलेले बाप्ये. त्यांतल्या बाळासो पाटलाला तर नातवंडं होती. कोडोलीकडे चाळीस एकर ऊस, साखर कारखान्यात संचालक, आवाज असा की त्याला सभेत लाऊडस्पीकर लागत नसे. मास्तर कोल्हापूर सोडून चालले म्हटल्यावर सगळ्यांत आधी डोळ्यांतून पाणी काढलं ते त्यानंच, आणि पाणी पुसता पुसता ठराव मांडला तोही त्यानंच. मास्तर जातील, पण त्यांचं तोंड तरी हितं ऱ्हाऊ दे! शाळेच्या दारात पुतळा बसवायचा, ब्राँझचा, छातीपर्यंतचा. घडवायचा कुणी? आपला सयाजी हाय की. मास्तरांना विचारावं असं त्या वीस-बावीस शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. पुतळा नको म्हणणारा माणूस जगात असतो हेच मुळी कोल्हापूरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. इथं चौकाचौकांत पुतळे, आणि ज्याचा नाही त्याच्या नावानं समिती.

रेऊबेनमास्तर झिराडकर. संस्थानाच्या काळात कोकणातून, रेवदंड्याकडून, गणिताचे मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. लोक त्यांना कधी पारशी समजत, कधी किरिस्ताव, एकदा तर ईदेला कुणीतरी शिरखुर्मा पाठवला होता, तो त्यांनी आनंदानं खाल्ला. ते बेने इस्राएल. शेकडो वर्षांमागं त्यांच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं, वाचलेली माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणू लागली. एवढं मास्तरांनीच कधीतरी सांगितलेलं. शहरात त्यांची दोन-चार घरं होती, तीही एकेक करून इस्राएलला गेली. बायको वारली. मुलगी तिकडं लोद नावाच्या गावात. आता ह्या गुरुवारी मास्तरही निघणार होते, आणि कोल्हापुरात त्यांच्या धर्माची चूल म्हणून काही उरणार नव्हतं.

सयाजीनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, पण डोक्यावर टाकलं नाही. स्टुलावरची टोपली उतरवून तो स्वतःच त्यावर बसला. समोर ते तोंड. शनिवारची सकाळची शाळा त्याला आठवली. शनिवारी मास्तर खडू हातात धरत नसत. नोकरी होती, येणं भाग होतं, पण फळ्यावर लिहायचं ते पोरांकडून लिहून घेत, आणि आपण खिडकीशी हात मागं बांधून उभे राहत. वर्गाचं ठाम मत होतं की मास्तरांना शनीची साडेसाती आहे. बाळासोनं तर घरून तेलाची वाटी आणली होती, मास्तरांच्या नावानं मारुतीला घालायला. ते कळल्यावर मास्तर खिडकीला धरून हसले होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाले होते, की देवानं सहा दिवस जग घडवलं आणि सातव्या दिवशी हात थांबवला. थकला म्हणून नव्हे. घडवणाऱ्याला थांबताही आलं पाहिजे म्हणून. म्हणून आम्हीही एक दिवस काही घडवत नाही, काही मोडत नाही, जग आहे तसं त्याच्या हवाली करतो. पोरांना त्यातलं एवढंच कळलं की आज गृहपाठ नाही. सयाजीला मात्र त्या बांधलेल्या हातांकडे बघून अंगावर काटा आला होता, का ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. घरी त्याचा बाप केरबा श्रावण लागला की झोपेतसुद्धा बोटं चालवायचा. थांबलेले हात त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

आणि ते दुसरं, पहिला माणूस मातीचा केला ते. कुठल्या प्रसंगानं निघालं? हां, बाळासोनंच सयाजीला 'ए मडक्या' म्हणून हाक मारली होती, भर वर्गात, आणि सगळे फिदीफिदी हसले होते. मास्तरांनी कुणाला छडी मारली नाही. त्रैराशिक अर्धवट सोडून ते सांगू लागले, की आमच्यात असं मानतात, देवानं एकच माणूस केला, मातीचा गोळा घेऊन, आणि त्याच्या नाकपुड्यांत फुंकर घातली. सगळी माणसं त्या एकाचीच. एकच का? तर उद्या कुणी कुणाला म्हणायला नको की माझा बाप तुझ्या बापाहून थोर. बाळासोनं मान खाली घातली. सयाजीचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं, तो उभा राहून ओरडला होता, "मास्तर, म्हंजे तुमचा द्येव कुंभार हाय?" वर्ग पुन्हा हसला. मास्तर म्हणाले, "तसं म्हण. पण हात नाहीत त्याला."

"हात न्हाईत तर घडवतोय कशानं?"

"बोलून. 'होऊ दे' म्हणाला, आणि झालं."

"मग तोंड तर आसंल की!"

"तेही नाही. तोंड नाही, अंग नाही, रंग नाही, आणि त्याच्याजोगा दुसरा नाही. एकच."

त्या दिवशी घरी आल्यावर सयाजीनं कारखान्याच्या फळ्यांवर वाळत असलेल्या गणपतींकडे बघितलं, ओळीनं बसलेले, सोंडा वळवलेले, अजून डोळे न रंगवलेले. त्याला कुणाचं खोटं वाटलं नाही, हे तेवढं खरं. गणपती खरा होताच. पण त्याच्यापलीकडं, भिंतीच्याही पलीकडं, ज्याला कुठूनच हात लावता येत नाही असा कुणीतरी आहे आणि तो नुसता बोलला म्हणून ही माती, हा बाप, ही पावसाची ओल आहे, ह्या विचारानं त्याचं नऊ-दहा वर्षांचं काळीज एवढं मोठं झालं की त्यानं आईच्या पदराखाली तोंड लपवलं. "द्वाडाला ताप आलाय," आई म्हणाली होती. ताप नव्हता. आज इतक्या वर्षांनी, स्टुलावर बसल्या बसल्या, तसंच काहीतरी बरगड्यांत दाटून आलं.

त्याची बायको चिमणाबाई चहा घेऊन आली. कप तिनं त्याच्या बाजूच्या फळीवर न ठेवता बरोबर नाकासमोर, मातीच्या पाटावर ठेवला. गेले काही महिने ती सगळंच असं समोर ठेवत होती, ताट, तांब्या, कोरण्या, आणि का ते तिनं बोलून दाखवलं नव्हतं. त्यानंही सांगितलं नव्हतं. मिरजेचा डॉक्टर म्हणाला होता, काचबिंदू आहे. कडेनं दिसायचं बंद होत होत मधे येणार. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं. सयाजीला आता जग तोटीतून बघावं तसं दिसत होतं. समोरचं लख्ख, कडेचं कधी गायब झालं त्याचा पत्ता नाही. चेहरा घडवताना एक कान बघितला की दुसरा सुटायचा. हा पुतळा शेवटचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट त्यानं देवाला सोडून कुणालाच सांगितलेली नव्हती.

"कोण आलंतं? मास्तर व्हय?" चिमणाबाईनं विचारलं.

"व्हय."

"मग आवडलं का न्हाई त्यास्नी?"

"आवडलं की," सयाजी म्हणाला, आणि चहा गार होऊ दिला.

आवडलं नसतं तर किती सोपं होतं! आयुष्यभर सयाजीच्या पुतळ्यांबद्दल लोक एकच म्हणत आले. फेटा झकास, मिश्या झकास, पण डोळं मेल्यालं. चेअरमन, आमदार, पैलवान, सगळे त्याच्या हातून निघाले ते दाव्याला बांधलेल्या बैलासारखे बघत. कृती त्याला येत नव्हती असं नाही. बुबुळाच्या जागी खळगा करायचा, खळग्यात वरच्या कडेला कणभर माती ठेवायची, त्या कणावर उजेड पडला की नजर येते. खळगा तो करायचा, कणही ठेवायचा. नजर यायची नाही. आणि ह्या वेळी, दिसायचं बंद होत असताना, कसं कोण जाणे, ती आली. फोटोवरून नव्हे, फोटो धुरकट होता. ती आली एका जुन्या दुपारवरून. सयाजी वर्गात बाकाखाली मातीचा बैल करत होता. मास्तरांनी तो पकडला, आता कान उपटणार म्हणून सगळे श्वास धरून बसले. मास्तरांनी बैल तळहातावर फिरवून फिरवून पाहिला. "छान आहे," म्हणाले, "आता ह्याच्यात जीव घाल."

सयाजी उभा. "न्हाय येत, मास्तर."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग नव्हता, चेष्टा नव्हती. जणू एवढा वेळ ते त्याच्याशी एका मोठ्या गुपितात भागीदार होते आणि ते आत्ता दोघांना एकदमच कळलं होतं. "मलाही नाही येत," ते म्हणाले. "बस खाली." तीच नजर आता मातीत होती. दोन्ही डोळ्यांत. तो कारखान्यात ह्या टोकाला गेला की त्या टोकापर्यंत त्याच्यामागं यायची. चिमणाबाई तर पुतळ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरायला लागली होती. आणि ह्या तोंडाला म्हणे उणं ठेव.

त्यानं कोरणी उचलली, कानाशी नेली. कान सोपा होता. पाळी थोडी उडवली तर कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण मास्तर चुकलेलं उत्तर ऐकायला त्याच कानानं पोराकडे वाकत, बरोबर उत्तराला कधी एवढे वाकले नव्हते. कोरणी त्यानं नाकाकडे आणली. नाकाचा शेंडा. फुंकर तिथंच घातली ना? ओठ? ओठांनीच तर बोलून सांगितलं सगळं. एकेक अवयव जागा होऊन म्हणत होता, मी नको. आणि खरी गोष्ट ह्याहून हलकी होती, ती सयाजीला कळत होती. त्याला काहीच मोडायचं नव्हतं. मास्तर गुरुवारी जाणार, विमानात बसणार, परत कोण येतंय बघायला? साचा उद्या घ्यायचा. पुरं तोंड ब्राँझमध्ये ओतलं की झालं. लोक म्हणतील, सयाजीच्या हातून शेवटी डोळे उघडले. आंधळा होऊन बसल्यावर एवढं तरी कुणी म्हणालं पाहिजे. त्याला स्वतःची लाज वाटली, पण इच्छा काही हलेना.

तो उठला आणि तसाच, हात न धुता, घाटाकडे चालू लागला. पंचगंगेवर दुपारी गर्दी नव्हती. एक म्हातारी धुणं आपटत होती, म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात. पायऱ्यांवरून तो भिंतीला धरून उतरला. ह्याच घाटावर केरबानं एकदा हातभर उंचीचा गणपती आणून सोडला होता, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. गिऱ्हाईक दारात उभं होतं, पैसे देऊन चुकलेलं, आणि उचलताना सोंडेला केसाएवढी चीर गेली. कुणाला दिसली नसती. लिंपून दिली असती तर चाललं असतं. केरबा म्हणाला, खंडित झाला, आता त्यात द्येव ऱ्हायचा न्हाई, आणि उचलून सरळ पाण्यात. सयाजी पायरीवर बसून ते पाणी बघत राहिला. बापाच्या लेखी केसाएवढं मोडलं की देव निघून जातो. मास्तरांच्या लेखी थोडं मोडलेलं असेल तरच चालतं, नाहीतर पुऱ्या तोंडाला माणसं देव समजतील. दोघं खोटं बोलणारे नव्हते. दोघंही एकाच गोष्टीला भ्यायले होते, हे त्याला हळूहळू, पाण्यात पाय बुडावेत तसं, उमगायला लागलं. जो तिथं नाही तो आहे म्हणून माणसांना दाखवायचं, ह्याला. आणि आपण? आपण तर त्या डोळ्यांत जीव आला म्हणून नाचत होतो. आला होता का? कणभर मातीवर उजेड पडत होता, एवढंच. संध्याकाळ झाली की मास्तर मातीच्या डोळ्यांतून रोज निघून जात होते, सकाळी खिडकी उघडली की परत येत होते. महालक्ष्मीच्या किरणोत्सवात उन्हाची तिरीप देवीच्या पायांवरून चढत चढत मुखावर येते तेव्हा सगळं देऊळ श्वास रोखतं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानंही रोखला होता. ती तिरीप काही दगडाची नव्हती. ती लांबून आली होती आणि थांबली नव्हती.

मग त्याला मास्तरांचे झाकलेले डोळे आठवले. एकदा तो सकाळी लवकर त्यांच्या घरी गेला होता, आईनं दिलेली मडकी पोचवायला. दार उघडं होतं. आत मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे, उजवा तळवा डोळ्यांवर घट्ट दाबलेला, आणि ओठांत काहीतरी पुटपुटत. सयाजीला वाटलं, रडताहेत. तो मडकी तिथंच ठेवून पळाला. पुढं कितीतरी दिवसांनी भीत भीत विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "रडत नव्हतो रे. तो एक आहे, एवढंच म्हणत होतो. ते म्हणताना आम्ही डोळे झाकतो." का? "उघड्या डोळ्यांना फार गोष्टी दिसतात." सयाजीच्या घरी देव म्हणजे डोळे उघडणं. मूर्तीचे डोळे रंगवायचे शेवटी, बाप आंघोळ करून बसायचा, आणि शेवटचा ठिपका पडला की आई हात जोडायची. इथं देव म्हणजे डोळे झाकणं. घाटाच्या पायरीवर बसून सयाजीनं आजूबाजूला बघितलं, म्हातारी आपल्या धुण्यात होती, आणि त्यानं मातीनं माखलेला उजवा तळवा आपल्या डोळ्यांवर ठेवला.

अंधार झाला. ज्या अंधाराच्या भीतीनं गेले वर्षभर त्याला पहाटे दरदरून घाम फुटत होता तोच हा. तोटी नव्हती, कडा नव्हत्या, समोरचं आणि बाजूचं असं काही नव्हतं. धुण्याचा आवाज, म्हशीचं फुरफुरणं, हाताच्या मातीचा वास, आपलाच श्वास नाकपुड्यांतून आत येतोय आणि बाहेर जातोय, कुणी घातला कुणाला ठाऊक, आणि ह्या सगळ्याच्या मागं, पुढं, भोवती एवढं मोठं काहीतरी की त्याला कड सापडेना. तो थरथरला. सुखानं की भयानं हे त्याला सांगता आलं नसतं. दोन्ही एकच होतं. हात काढायचं त्याला खूप वेळ धाडस झालं नाही.

परत आला तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. चिमणाबाई दारात गहू निवडत होती. तो आत गेला, पुतळ्यासमोर उभा राहिला, डावा तळवा डोळ्यांवर धरला आणि उजवा हात त्या ओल्या तोंडावर ठेवला. कपाळ. भुवई. कानापर्यंत गेला आणि परतला. नाकाच्या काठानं उतरला. न बघता हे तोंड त्याला जास्त कळत होतं. हात फिरत फिरत एका जागी थांबला. कुठली जागा ते सयाजीनं ओळखलं. तिथं नको, असं म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणाला नाही. जे द्यायचं नव्हतं तेच द्यायचं होतं, नाहीतर कानाची पाळी देऊन मास्तरांना फसवायला काय लागत होतं? त्यानं आंगठा दाबला. माती मऊ होती, सहज आत गेली. खळगा गेला, त्यातला कण गेला, सगळं गेलं. मग त्यानं डोळे उघडले.

डाव्या डोळ्याच्या जागी आंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा उमटलेली, गोल गोल, आत आत जाणारी. उजवा डोळा होता तसाच बघत होता. सयाजीनं एवढे साचे काढले, एका साच्यातून वीस वीस गणपती, सगळे एकसारखे, आणि आपला आंगठा इतक्या वर्षांत कधी नीट बघितला नव्हता. असा दुसरा नाही. कुठंच नाही, कधीच नव्हता. एका मातीच्या गोळ्यापासून एवढी माणसं काढली आणि एकासारखं एक काढलं नाही, ह्या कारागिराला काय म्हणायचं! त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

तेवढ्यात गल्लीतून बाळासोची जीप वाजली आणि जीपच्या आधी बाळासो वाजला. "झालं का रं? उद्या साचा घ्याचा न्हवं?" आत येऊन त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आरं ह्यो डोळा! काय झालं ह्ये? सयाजी, काल तर ब्येस हुता की! कुणी बोट घातलं?"

"मीच."

"तू? याड लागलं काय तुला? म्हैन्यानं सगळं गाव जमायचंय, पावणं यायच्यात, आनि मास्तर काणं?"

सयाजीच्या जिभेवर खरं कारण आलं. मास्तरांनाच नको होता. एवढं म्हटलं की आपण सुटलो, आणि हा चाळीस एकरांचा, नातवंडांचा धनी, ज्यानं प्रेमापोटी आपल्या गुरूला नको तीच गोष्ट केली, तो उभ्याउभ्या विरघळून जाईल. त्याला बाळासोचं तोंड दिसलं, मडक्या म्हटल्यावर खाली गेलं होतं तसं. हेही एक तोंडच, आणि हे त्यानं घडवलेलं नव्हतं.

"दिसत न्हाई मला, बाळासो," सयाजी म्हणाला. "डोळं चाललं माझं. काचबिंदू हाय. हात चुकला. आता दुरुस्त करायला गेलो तर आसंल त्येबी जाईल. हाय तसं ऱ्हाऊ दे."

दारात गहू निवडायचा आवाज थांबला होता. बाळासो पुढं आला, सयाजीचा मातीचा हात त्यानं आपल्या पांढऱ्याफेक सदऱ्यावर ओढून धरला आणि म्हणाला, "आधी सांगायचं न्हाईस व्हय रं?" मग पुतळ्याकडे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आसाच बसवायचा. कोण काय म्हणतंय त्ये मी बघतो." जीप गेली तेव्हा ती नेहमीसारखी हॉर्न वाजवत गेली नाही. चिमणाबाई आत आली. सयाजी म्हणाला, "ऐकलंस न्हवं?"

"मला कवाच ठावं हाय," ती म्हणाली, आणि सांडलेली माती गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, साचा घ्यायच्या आधीच मास्तर आले. सयाजीनं स्टूल आधीच पुसून मधोमध ठेवलं होतं, शेजारी चिमणाबाईचा पाट. फडकं त्यानं स्वतः काढलं नाही; मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर बघत राहिले. खिडकीतला उजेड एका डोळ्यात येत होता, दुसऱ्यात ठशाच्या रेषांवर अडून बसत होता. मास्तरांचा खालचा ओठ हलला. सयाजीला कडेचं दिसत नव्हतं, म्हणून त्यानं मान पुरती वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि ते तोंड, म्हातारं, सुरकुतलेलं, डोळ्यांत पाणी असलेलं, कुठल्याही मातीत कधी येणार नाही असं, त्यानं जेवढं बघता येईल तेवढं बघून घेतलं.

"छान आहे," मास्तर शेवटी म्हणाले. घसा खाकरून, वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता ह्याच्यात जीव घालता येईल का, सयाजी?"

"न्हाय येत, मास्तर."

"मलाही नाही येत. बस खाली."

सयाजी पाटावर बसला. मास्तर स्टुलावर बसले.